गेटमावशी आणि बायांचा खेळ

आमच्या कळमनुरीच्या टॉकीजमध्ये गेटमावशीनं वीसेक वर्षं नोकरी केली, पण एकही पिक्चर तिनं सरळ बसून पाहिला नाही. टॉकीजमध्ये बायांचा भाग वेगळा होता. मध्ये छातीएवढी भिंत, यायला-जायला स्वतंत्र दार आणि दाराला जाड काळं कापड. त्या कापडाच्या आतल्या बाजूला लोखंडी स्टूल टाकून मावशी सिनेमाकडे पाठ करून बसायची, तोंड बायांकडे. तीन तास ती पडद्याच्या उजेडात बायांचे चेहरे पाहायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तुम्हाला पिक्चर आवडत नाही का?" तर म्हणाली, "पिक्चरात काय पाहायचं? त्यो रोज तसाच ऱ्हातो. बाया रोज नव्या येतात."

तिचं खरं नाव सखुबाई, पण ते फक्त मालकांच्या हजेरीवहीत होतं. गावासाठी ती गेटमावशी. उंच, काटक, हिरवं नाही तर जांभळं लुगडं, कमरेला खोचलेली दोन सेलची बॅटरी. माहेर धनगराचं. लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन ती कयाधूच्या काठानं हिंडलेली. नवरा टॉकीजमध्येच होता, नांदेडहून एस.टी.च्या टपावर रिळांच्या पेट्या घेऊन यायचा. तो तापानं गेला तेव्हा मालकांनी तिला बायांच्या दारावर ठेवली. चेहरे वाचायची विद्या आपण मेंढरांकडून शिकलो असं ती सांगायची. "कळपातल्या मेंढरानं चरायचं थांबून मान वर केली की समजायचं, काहीतरी आलं. बायांचंबी तसंच हाय. बाई शेंगा खायची थांबली की समजायचं, पिक्चर आत शिरला."

खेळ सुटल्यावर ती बायांचा भाग झाडायची आणि टरफलांच्या ढिगावरून निकाल द्यायची. ढीग मोठा निघाला की म्हणायची, "शुक्रवारी उतरतो ह्यो." बहुतेक वेळा उतरायचाच. मालक स्वतः कधीकधी वहाणा वाजवत मागच्या बाजूला येऊन विचारायचे, "क्या बोलती सखुबाई? चलेगा?" मात्र खेळ चालू असताना त्यांनाही त्या काळ्या कापडाच्या आत यायची परवानगी नव्हती. "ह्याच्या बाहीर तुमी मालक. आत मी."

बायांना बसवायचे तिचे नियम होते. पोटुशी बाई दाराजवळ, अंगावर पाजणारी पंख्याखाली. सासू आणि सून एका रांगेत कधीच नाही. नवी सून सासूजवळ टेकायला लागली की मावशीच्या बॅटरीचा उजेड तिच्या पायाशी पडायचा. "ऊठ गं. तिकडं पुढं बस." सासूनं कुरकुर केली तर म्हणायची, "तिला रडायचं असंल तर रडू द्या की मोकळ्यानं. तुमी बाजूला असल्यावर ती डोळे पुसंल का पदर सावरंल?"

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट आहे ही. तेव्हा आमचा जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. मी बारावीला होते. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. घर माझा थोरला भाऊ दिलीप चालवायचा. बाजारपेठेत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाइतकाच जीव त्याचा एका हिरोवर होता. त्या हिरोचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या वर्षी गावातल्या निम्म्या पोरांची केसांची ठेवण त्याच्यासारखी होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. दिलीपदादा त्याच्या चाहता मंडळाचा अध्यक्ष. मंडळाचा शिक्का होता, लेटरहेड होतं, आणि हिरोच्या वाढदिवसाला ते सरकारी दवाखान्यात केळी वाटत.

त्याच वर्षी एक विचित्र पिक्चर आमच्या टॉकीजला लागला आणि तीन दिवसांत उतरला. त्यात मारामारी नव्हती, बर्फातलं गाणं नव्हतं. खेड्यातला एक पोस्टमन, वय चाळिशीच्या पुढचं, काळासावळा, पुढचे दोन दात जरासे बाहेर. त्याची बायको अर्धांगानं अंथरुणाला खिळते आणि तो तिचं सगळं करतो. नदीवर तिची लुगडी धुतो, तिला भरवतो, तिची वेणी घालतो. पुरुषांच्या भागातून पहिल्याच खेळाला शिट्ट्या सुरू झाल्या. नदीवरच्या प्रसंगात कुणीतरी ओरडलं, "अरे, निरमा घे, निरमा!" आणि अख्खं थेटर हसलं. म्हणजे भिंतीच्या त्या बाजूचं. पोरांनी त्या नटाचं नाव धुणेवाला ठेवलं. चौथ्या दिवशी पेटी परत नांदेडला गेली.

त्या तीन दिवसांत बायांच्या भागात मोजून तीस-चाळीस बाया आल्या असतील. मी त्यांतली एक. आईला चल म्हटलं होतं, पण वडील गेल्यापासून ती कुठंच जात नसे. खेळ सुटल्यावर मी चप्पल शोधत मागं राहिले होते. मावशी झाडू हातात घेऊन तशीच उभी होती.

"सुमे, इकडं ये. हे पाह्य."

"काय?"

"टरफलं दिसतात का तुला?"

फरशी स्वच्छ होती. एका कोपऱ्यात लहान लेकराची एक चिंधी पडली होती, बस्स.

"तिन्ही दिस असंच हाय," मावशी म्हणाली. "ह्या माणसाकडं ध्यान ठेव. लई मोठा हाय ह्यो."

पुढं सिनेमाच्या बक्षिसांची नावं पेपरात आली. बेस्ट अॅक्टरच्या यादीत आमचा हिरो होता, आणखी दोन बडे होते आणि सगळ्यात शेवटी धुणेवाल्याचं नाव होतं. यादी भरायला घातलं असेल, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कार्यक्रम टीव्हीवर रविवारी दुपारी थेट दाखवणार होते. दादाच्या मंडळानं आठ दिवस तयारी केली. पेढ्यांची ऑर्डर दिली, हजाराची लड आणली, आणि पाच हात लांबीच्या कापडावर "हार्दिक अभिनंदन" रंगवून घेतलं. मावशी दुकानावरून चालली होती. कापड वाळत घातलेलं पाहून थांबली.

"काहून रे दिलीप, निकाल लागला का?"

"लागल्यासारखाच हाय मावशी. दुसरं कोण हाय?"

"माझं मत धुणेवाल्याला."

पोरं इतकी हसली की शेजारचा चहावाला बाहेर येऊन पाहू लागला. मावशी रागावली नाही. पोरांबरोबर तीही हसली आणि पुढं गेली.

रविवारी दुकानासमोर पन्नास-साठ माणूस. दुरुस्तीला आलेल्यांतला सगळ्यात मोठा टीव्ही दादानं टेबलावर मांडला होता. तो एका मुख्याध्यापकांचा होता. मी घरातून चहाची किटली घेऊन आले होते, म्हणून मला ते सगळं डोळ्यांनी पाहायला मिळालं. स्टेजवरच्या बाईनं पाकीट फाडलं, कागद पाहिला, भुवया वर केल्या आणि धुणेवाल्याचं नाव घेतलं. कॅमेऱ्याला तो सापडेनाच. तो कुठंतरी शेवटच्या रांगांत बसलेला. उठला तेव्हा आपल्यालाच बोलावलंय ना, हे त्यानं शेजारच्याला विचारलेलं दिसलं.

दुकानासमोर एकदम गोंधळ. "सेटिंग हाय!" "पैसे चारले!" एकानं पायातली चप्पल काढून टीव्हीवर हाणली. काच वाचली, पण मुख्याध्यापकांच्या टीव्हीचं बटण तुटून गटारात गेलं. दादा तसाच टेबलाला टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा असा झाला होता की मी किटली खाली ठेवून त्याच्याजवळ गेले. त्याच वेळी गर्दीतून वाट काढत मावशी पुढं आली. टेबलावरचं पेढ्यांचं खोकं तिनं उघडलं.

"आणलेत ना? मग वाटा की. माणूस जिंकला न्हाई व्हय?"

तिनं एक पेढा उचलून तोंडात टाकला, एक माझ्या हातावर ठेवला आणि शांतपणे निघून गेली.

संध्याकाळपर्यंत "हार्दिक अभिनंदन"चं कापड उलटं करून त्यावर "जाहीर निषेध" लिहिलं गेलं आणि बसस्टँडसमोर लागलं. मंडळाचा एक जण उपाशी राहिला. एकानं वर्षभर पिक्चर न पाहण्याची शपथ घेतली, ती शुक्रवारपर्यंत टिकली. कटिंगच्या दुकानात, हॉटेलात, शाळेच्या मैदानात दुसरा विषय नव्हता. हापशीवर मात्र वेगळंच चाललं होतं. ज्या तीस-चाळीस बायांनी तो पिक्चर पाहिला होता, त्या एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत होत्या. ज्यांनी पाहिला नव्हता त्या त्यांना विचारत होत्या, "असं काय होतं गं त्यात?"

मावशीनं ते ऐकलं आणि सरळ मालकांकडे गेली. पेटी परत आणा म्हणाली. बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ फक्त बायांसाठी लावा. आख्खं थेटर बायांचं. मालकांनी कपाळाला हात लावला. मंडळाच्या पोरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, त्या नटाचं पोस्टर टॉकीजवर दिसलं तर खुर्च्या फाडू.

"खुर्च्या तुमच्या, जिम्मा माझा," मावशी म्हणाली.

मालकही हट्टी माणूस. "बराबर. एक भी कुर्सी फटी, तो कल से आना नहीं."

"न्हाई येणार."

ही नोकरी गेली तर तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. लेक हट्टा गावी दिलेली, इथं भाड्याची एक खोली. तरी ती ते बोलून बसली आणि तिथून दादाच्या दुकानावर आली. मी तेव्हा दादाचा डबा घेऊन गेले होते.

"दिलीप, बाजाराला दुपारचा खेळ हाय. तुजी पोरं काय करणार हायेत, ते मला आत्ताच सांग."

"मावशी, तुमी मधात पडू नका. आमच्या इज्जतीचा सवाल हाय."

"कुणाच्या इज्जतीचा? तुज्या हिरोच्या? त्याला ठाव तरी हाय का कळमनुरी कुठं हाय ती?"

दादा लाल झाला. "त्यानं काय केलं? बायकोची लुगडी धुतली. त्याला काय अॅक्टिंग म्हणतात?"

"तू पिक्चर पाह्यला?"

दादानं तो पाहिलाच नव्हता. मंडळातल्या कुणीही अर्ध्याच्या पुढं पाहिला नव्हता.

"मी नोकरी लावलीया ह्याच्यावर," मावशी म्हणाली. "खुर्ची फाडायची असंल तर तू सोता ये. पोरायला पाठवू नको."

बाजाराच्या दिवशी मालकांनी जीपवर भोंगा फिरवला. बाजाराला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या बाया भाजीच्या पाट्या, पिशव्या, लेकरं घेऊन थेट टॉकीजकडे वळल्या. रांग दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मावशीनं त्या दिवशी पुरुषांचा भाग उघडला, बाल्कनी उघडली. बाल्कनीत गावातली एकही बाई आधी कधी बसली नव्हती. वरून खाली वाकून पाहणाऱ्या बायांचा कलकलाट असा, की मालक तिकीटखिडकीतून डोकं बाहेर काढून हसायला लागले.

समोरच्या पानपट्टीवर मंडळाची पंधरा-वीस पोरं उभी होती, मधोमध दादा. मी रांगेत होते, म्हणून त्याच्याकडे पाहायचं टाळत होते. मग पोरांतलं कुणीतरी म्हणालं, "दिल्या, तुजी आई."

खरंच आई होती. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, शेजारच्या काकूंच्या मागे. हापशीवरचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती देवळाशिवाय कुठं तरी निघाली होती. रांग पुढं सरकली आणि ती आत गेली. तिनं दादाकडे पाहिलंही नाही.

दादा एकटाच रस्ता ओलांडून दाराशी आला. मला वाटलं, आता होतं भांडण. मावशीनं हात आडवा लावला नाही. ज्या कापडाच्या आत तिनं मालकांना कधी येऊ दिलं नाही, ते तिनं बाजूला धरलं.

"ये. माझ्या स्टुलावर बस. पिक्चरकडं पाहू नको. आईकडं पाह्य."

तिनं आईला तिसऱ्या रांगेत, कडेला बसवलं होतं. मी आईच्या मागे. दादा पडद्याकडे पाठ करून बसला, मावशी त्याच्याशेजारी उभी. नदीचा प्रसंग आला तेव्हा एवढ्या मोठ्या थेटरात फक्त पंख्यांचा आवाज होता. मग पोस्टमन बायकोची वेणी घालायला बसतो तो प्रसंग आला. त्याला जमत नाही. तीन पेडांऐवजी चार पेड घेतो, गाठ मारतो, वेणी वाकडी होऊन कानापाशी येते, आणि तो मोठ्या अभिमानानं तिला आरसा दाखवतो. तिथं आई हसली. पदर तोंडाला लावून सुरुवात झाली, मग तो पदरही बाजूला गेला आणि ती मोकळी खळखळून हसत राहिली. तिचं हसणं ऐकून शेजारच्या हसल्या, मग बाल्कनी हसली. मी दादाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती आणि मावशीचा हात त्याच्या पाठीवर होता.

घरी आल्यावर आईनं चूल पेटवता पेटवता आपणहून सांगितलं, "तू पोटात होतीस ना सुमे, तवा माझा हात मोडला होता. दीड महिना तुझ्या बाबांनीच माझी वेणी घातली. अशीच वाकडी. मी तशीच देवळात जायची." दादा ताटावर बसला होता. "मला कधी सांगितलं न्हाईस," तो म्हणाला. आई म्हणाली, "तू कुठं इचारलंस?"

खुर्ची एकही फाटली नाही. पिक्चर पुढं दोन आठवडे चालला आणि दुसऱ्या आठवड्यात काही बायांनी आपले नवरेही आणले. बसस्टँडसमोरचं कापड कुणी काढलं ते कुणालाच कळलं नाही. दादाचं हिरोवरचं प्रेम कमी झालं, असं काही मी म्हणणार नाही. त्याचा पुढचा पिक्चर त्यानं चार वेळा पाहिला. पण मंडळातलं कुणी धुणेवाला म्हणालं की तो म्हणायचा, "नाव घे त्यांचं."

मावशीनं माझ्याकडून त्या नटाला पत्र लिहून घेतलं. पत्ता म्हणून त्याचं नाव आणि मुंबई एवढंच. मजकूर तिचाच: "तुमचा पिक्चर आमच्या गावात तीन दिसात उतरला होता. वाईट वाटून घेऊ नका, तवा बायांनी पाह्यला न्हवता. आता पाह्यला. तब्येत संभाळा." उत्तर आलं नाही. मी हळहळले तर म्हणाली, "उत्तर कशाला पाहिजे? निरोप द्यायचा होता, दिला."

पुढं घरोघरी केबल आली, मग सीडी आल्या. टॉकीजच्या बायांच्या भागात चार-पाच जणी दिसू लागल्या आणि एके वर्षी मालकांनी टॉकीज बंद केली. मावशी लेकीकडे हट्ट्याला गेली. मी तोवर लग्न होऊन हिंगोलीला होते आणि नरसीच्या पुढच्या एका खेड्यात शाळेवर शिकवत होते. लहान लेकरू, दोन वेळची एस.टी., घरात रोजची धुसफूस. नोकरी सोडावी असं मनात यायला लागलं होतं. एका सुट्टीत मी हट्ट्याला गेले. मावशी थकली होती, ऐकायला कमी येत होतं, पण अंगणात शेरडं बांधलेली आणि आवाज तोच. मी तिला टॉकीजची आठवण काढून हळवी करायला बघत होते. ती काही हळवी होईना. "बंद पडायचीच होती. किती दिस चालंल? तुजं सांग."

मी सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "मावशी, सोडू का नोकरी?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सोडायची असती तर सोडून मंग सांगायला आली असतीस. इचारायला आलीस, म्हंजी सोडायची न्हाई तुला."

मी त्याच आठवड्यात घरात स्पष्ट बोलले. महिनाभर जड गेलं. मग सासूबाईंनीच लेकराला सांभाळायचं कबूल केलं. आज मी त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे.

माझ्या त्या भेटीनंतर दोन वर्षांनी मावशी हट्ट्यालाच वारली. मला कळलं ते दोन दिवसांनी, शाळेत असताना. संध्याकाळी मी दादाला फोन केला. वहिनींनी उचलला. म्हणाल्या, ह्यांना परवा सकाळीच समजलं, तेव्हाच हट्ट्याला गेले, खांदा देऊन काल रात्री आले. जाताना दुकानाच्या शटरवर खडूनं लिहून गेले होते: गेटमावशी वारल्या, दुकान दोन दिवस बंद. आज सकाळी दुकान उघडल्यावर एका गिऱ्हाइकानं विचारलं, कोण लागत होत्या तुमच्या?

"मग काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, आईची बहीण."